ड्रायव्हर चालतो तो प्रोसेसरवरच : जुन्या मशीनमध्ये नवं कार्ड टाकणाऱ्यांचे प्रश्न

यावेळी जवळजवळ सगळे प्रश्न एकाच विषयावर आलेत, प्रोसेसर जुना आणि ग्राफिक्स कार्ड नवं. म्हणून पूर्ण जागा त्यालाच दिली. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : माझ्याकडे चौथ्या पिढीचा आय७ आहे, चार कोअर आठ थ्रेड, १६ जीबी रॅम. पैसे साठवून जुन्या कार्डाच्या दुप्पट ताकदीचं कार्ड घेतलं पण ज्या गेममध्ये आधी ५५ एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) यायचे तिथे आता फक्त ५८ येतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ५० टक्के दिसतो आणि कार्ड ४५ टक्के, म्हणजे दोघंही अर्धे रिकामेच आहेत ना, मग अडतंय कुठे? कार्ड खराब निघालं का?

उत्तर : कार्ड खराब नाही, आधी ती धास्ती मनातून काढा. टास्क मॅनेजरचा तो ५० टक्के आकडा फसवा आहे. तो आठही थ्रेडची (प्रोसेसरमध्ये एकाच वेळी काम चालू शकतं अशा आठ वाटांची) सरासरी असतो, म्हणजे एक थ्रेड पूर्ण १०० टक्के भरला आणि बाकीचे सात झोपलेले असले तरी तिथे साडेबारा टक्केच दिसणार. आणि बहुतेक गेमचं मुख्य काम एकदोन थ्रेडवरच असतं. प्रोसेसरच्या ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्सचा पर्याय निवडा म्हणजे आठ वेगळे ग्राफ दिसतील, त्यात एखादा सतत वरच्या रेषेला टेकलेला दिसतो का बघा. मात्र विंडोज काम एका थ्रेडवरून दुसऱ्यावर फिरवत राहतं, त्यामुळे कधीकधी तिथेही स्पष्ट दिसत नाही.

खात्रीची टेस्ट वेगळी आहे आणि पाच मिनिटांत होते. गेममध्ये एका जागी उभे राहा, एफपीएस लिहून ठेवा, मग रेझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० करा आणि त्याच जागी परत बघा. एफपीएस वाढले तर कार्ड कमी पडत होतं, ढिम्म हलले नाहीत तर प्रोसेसर कमी पडतोय. तुमच्या आकड्यांवरून मला वाटतं ते हलणार नाहीत.

आता असं का होतं ते नीट सांगतो कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. ड्रायव्हर म्हणजे कार्डाच्या आत बसलेली वस्तू असं लोकांना वाटतं, पण ड्रायव्हर हा प्रोग्राम आहे आणि तो चालतो प्रोसेसरवर. गेम म्हणतो हे झाड काढ, ही सावली काढ, आणि या प्रत्येक ऑर्डरचं कार्डाला कळेल अशा भाषेत रूपांतर करणं, मेमरीत काय कुठे आहे याचा हिशोब ठेवणं, शेडर म्हणजे रंग-उजेड ठरवणारे छोटे प्रोग्राम कंपाइल करणं (कार्डाला चालतील असे तयार करणं) हे सगळं ड्रायव्हर तुमच्या त्या चार कोअरवरच करतो. म्हणजे कार्ड नवं घेतलं तरी त्याचा कारकून जुन्याच ऑफिसात बसलेला असतो.

तुमच्याच आकड्यांवर हिशोब करू. ५८ एफपीएस म्हणजे एका फ्रेमला साधारण १७ मिलिसेकंद. कार्ड ४५ टक्के बिझी म्हणजे त्यातले जेमतेम ८ मिलिसेकंद ते काम करतंय आणि उरलेले ९ पुढच्या ऑर्डरची वाट बघतंय. प्रोसेसरचे समजा १२ मिलिसेकंद गेमच्या स्वतःच्या कामात जातात आणि ५ ड्रायव्हरमध्ये, झाले १७ (१२ आणि ५ समजावण्यापुरते धरलेत, प्रत्येक गेममध्ये वेगळे असतात). जुन्या कार्डाला एका फ्रेमला १६ च्या आसपास लागत असणार, नव्याने ते ८ वर आणलं, पण प्रोसेसरचे १७ होते तिथेच राहिले. म्हणून ५५ चे ५८.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर इंटेलचं प्रेझेंटमॉन नावाचं फुकट टूल आहे, कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. २०२३ मध्ये त्यात जीपीयू बिझी (कार्ड खरंच कामात होतं तो वेळ) हा आकडा आला. फ्रेमचा एकूण वेळ आणि जीपीयू बिझी यात जितकं अंतर जास्त तितकं कार्ड रिकामं बसलंय.

मग करायचं काय. डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करून दाखवणारं अपस्केलिंग) लावून एफपीएस वाढतील असं समजून बरेच जण खटपट करतात, पण अपस्केलिंग कार्डाचं ओझं कमी करतं आणि तुमच्या कार्डावर ओझं नाहीच, त्यामुळे फरक पडत नाही. प्रोसेसरचं ओझं कमी करणारी सेटिंग वेगळी आहेत : गर्दी किती दाखवायची, किती लांबपर्यंतचं दाखवायचं, सावल्या, आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र काढणं). रे ट्रेसिंग फक्त कार्डाचं काम आहे असं वाटतं पण त्यासाठी सीनची रचना सतत अपडेट करावी लागते आणि त्यात प्रोसेसरचाही वेळ जातो, जुन्या चार कोअरवर ते आधी बंद करा. उलट टेक्श्चर, अँटी-अलायझिंग, रेझोल्यूशन बिनधास्त वाढवा, कार्डाचे ते ९ मिलिसेकंद तसेही वाया चाललेत, १४४०पी चा मॉनिटर असेल तर एफपीएस फारसे न घटता चित्र कितीतरी छान दिसेल. आणि एफपीएस ५० ला कॅप करून बघा, ४० ते ६५ मध्ये नाचणाऱ्या गेमपेक्षा सरळ ५० वर चालणारा गेम हाताला खूप बरा लागतो.

रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी टाका. सिंगल चॅनल रॅमवर प्रोसेसरची दमछाक होते आणि जुन्या मशीनला सगळ्यात स्वस्तात मिळणारा फायदा तोच आहे.

प्रश्न : रायझन ५ २६०० प्रोसेसर आहे. इंटेल आर्क बी५८० कार्ड घ्यायचा विचार आहे, १२ जीबी मेमरी मिळते म्हणून. पण मित्र म्हणतो जुन्या प्रोसेसरवर ते घेऊ नकोस. खरंच कंपनीप्रमाणे फरक पडतो का?

उत्तर : पडतो, आणि मित्राचं ऐका. बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये आलं तेव्हा सगळीकडे कौतुक झालं, पण बहुतेक टेस्ट त्यावेळच्या सगळ्यात वेगवान प्रोसेसरवर केलेल्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये काही जणांनी तेच कार्ड जुन्या आणि मधल्या प्रोसेसरवर लावून बघितलं, त्यात नेमका तुमचा २६०० पण होता, आणि जिथे ते एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० च्या बरोबरीने किंवा पुढे असायचं तिथे काही गेममध्ये बरंच मागे पडलं. कारण वरच्या उत्तरातलंच, त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरचा वेळ जास्त खातो. वेगवान प्रोसेसरवर हे झाकलं जातं, जुन्यावर उघडं पडतं.

दुसरी अडचण रिसायझेबल बारची. साध्या भाषेत, याच्याशिवाय प्रोसेसर कार्डाच्या मेमरीत २५६ एमबीच्या खिडकीतून बघतो आणि हे चालू केलं की पूर्ण मेमरी एकदम दिसते. रेडिऑन (एएमडी) आणि जीफोर्स (एनव्हिडिया) कार्डांना हे नसलं तरी थोडाच फरक पडतो, आर्क कार्डांचा परफॉर्मन्स मात्र त्याच्याशिवाय फारच कोसळतो. म्हणूनच आर्कसाठी इंटेलच्या अधिकृत यादीत त्यांचे दहाव्या पिढीपासूनचे आणि एएमडीचे रायझन ३००० पासूनचे प्रोसेसर आहेत. तुमचा २६०० त्यात बसत नाही. काही बोर्डांवर नवीन बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डातच बसलेला प्रोग्राम) टाकून रिसायझेबल बार चालू होतो, पण अधिकृत यादीबाहेरच्या जोडीवर एवढे पैसे लावा असं मी सांगणार नाही.

बाकी दोन कंपन्यांचं म्हणाल तर चित्र थोडं गुंतागुंतीचं आहे. डायरेक्टएक्स (विंडोजवरचे गेम ज्या पद्धतीने कार्डाला ऑर्डर देतात ती) ११ मध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर खूप वर्षं पुढे होता, तो काम अनेक थ्रेडवर वाटून द्यायचा, आणि रेडिऑन तिथे मार खायचं. एएमडीने मे २०२२ च्या ड्रायव्हरमध्ये ते बरंच सुधारलं. डायरेक्टएक्स १२ मध्ये गोष्ट उलटी, २०२१ च्या मार्चमध्ये झालेल्या टेस्टमध्ये जुन्या प्रोसेसरवर जीफोर्स कार्डं रेडिऑनपेक्षा मागे पडताना दिसली. त्यामुळे जुन्या सहा किंवा चार कोअरवर मुख्यतः नवीन गेम खेळायचे असतील तर माझा कल रेडिऑनकडे आहे. आणि ज्या गेममध्ये ११ आणि १२ दोन्ही पर्याय असतील तिथे दोन्ही करून बघा, कुठला चांगला चालेल हे अंदाजाने सांगता येत नाही.

पण मला विचाराल तर तुम्ही कार्डाआधी प्रोसेसर बदला. तुमचा बोर्ड एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या जागेचा) आहे, त्यावर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० सारखा प्रोसेसर बसतो, बोर्ड आणि रॅम तीच राहते. फक्त क्रम चुकवू नका, जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस अपडेट करा, मग नवा लावा. उलट केलं तर स्क्रीनच येणार नाही. आधी बोर्ड कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची यादी बघून घ्या. जुन्या बोर्डांच्या काही बायोसमध्ये नव्या प्रोसेसरला जागा करताना अगदी जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढलेला असतो, तेव्हा सोबतची टीप पण वाचा.

प्रश्न : वडिलांचा कोअर २ क्वाड अजून उत्तम चालतोय, त्यात जीटी १०३० कार्ड आणि विंडोज १०. ड्रायव्हर अपडेटचं नोटिफिकेशन सारखं येतंय. दाबू का?

उत्तर : थांबा, दाबू नका! एनव्हिडियाच्या ५५५ मालिकेपासून, म्हणजे मे २०२४ पासून, ड्रायव्हरला प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी नावाची सूचना (इन्स्ट्रक्शन, म्हणजे प्रोसेसरला कळणारी आज्ञा) लागते आणि कोअर २ मध्ये ती नाहीये. असा ड्रायव्हर टाकला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर जाऊन पडू शकतं. ५५२ मालिकेतला ड्रायव्हर तुमच्यासाठी शेवटचा, तोच ठेवा.

ही सूचना करते तरी काय, तर एखाद्या बायनरी आकड्यात १ किती वेळा आला ते मोजते. १०११० मध्ये तीन वेळा. बस, एवढंच. हेच काम दहाबारा साध्या सूचनांनी पण होतं, पण कंपायलरला एकदा सांगितलं की ही सूचना आहेच असं धर, की तो ती सगळीकडे वापरतो, आणि ज्या प्रोसेसरला ती माहीतच नाही तो तिथेच कोसळतो. इंटेलमध्ये ती २००८ च्या नेहेलेमपासून आली, एएमडीमध्ये २००७ च्या फिनॉमपासून. म्हणजे त्याच काळातल्या फिनॉमवर पॉपसीएनटीची अट पास होते आणि तुमच्या क्वाडवर नाही. ताकदीचा इथे काही संबंध नाही.

विंडोज अपडेटने स्वतःहून ड्रायव्हर बदलू नये म्हणून डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज शोधा आणि तिथे नो करून सेव्ह करा. चुकून नवा ड्रायव्हर बसलाच तर सेफ मोडमध्ये जा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, आणि रोल बॅक.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन या प्रोसेसरवर बूटच होत नाही, कारण पुन्हा तीच सूचना. तेव्हा वडील त्यावर बँकेची कामं करत असतील तर ती दुसऱ्या मशीनवर हलवा. गाणी, जुने गेम, टायपिंग यासाठी ते मशीन खुशाल चालू दे, इतकी वर्षं जपलंय त्यांनी.

प्रश्न : तिसऱ्या पिढीच्या आय५ वर रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी सेकंडहँड मिळतंय. स्लॉटमध्ये बसतं म्हणजे चालेलच ना?

उत्तर : चालेल, पण घेऊ नका. स्लॉट लांबीला १६ लेनचा (लेन म्हणजे डेटा जायची वाट) असला तरी हे कार्ड त्यातल्या फक्त ४ लेन वापरतं. पीसीआय एक्सप्रेस (स्लॉटची पद्धत) चौथ्या पिढीची असेल तर चार लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी, तुमच्या बोर्डावर फार तर ३ आहे म्हणजे ४ जीबी, आणि दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरवर तर २ जीबीच. कार्डाची मेमरी ४ जीबी, ती भरली की कार्ड सारखं रॅमकडे धावतं आणि ते या अरुंद रस्त्यावरून, तिथेच गेम अडकत अडकत चालायला लागतो. आरएक्स ६६०० ला ८ लेन आणि ८ जीबी आहे, जुन्या बोर्डावर ते कितीतरी बरं. जुनी पूर्ण १६ लेनवाली कार्डं पण चांगली, मात्र एनव्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल कार्डांना (जीटीएक्स ९०० आणि १०००) ऑक्टोबर २०२५ नंतर नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर बंद झालेत, आता फक्त सुरक्षेचे येतात, हे धरून किंमत ठरवा.

प्रश्न : ड्रायव्हर अपडेट केला की दोन दिवस सगळे गेम झटके देतात, मग आपोआप ठीक होतात. प्रत्येक वेळी असंच. माझा भ्रम आहे का?

उत्तर : भ्रम नाही. आधी कंपाइल केलेले शेडर ड्रायव्हर डिस्कवर साठवून ठेवतो, नवा ड्रायव्हर आला की तो साठा बाद होतो आणि सगळं परत कंपाइल करावं लागतं, आणि ते काम कोण करणार तर प्रोसेसर. नव्या सोळा थ्रेडवाल्या मशीनवर जे दोन मिनिटांत उरकतं त्याला जुन्या चार कोअरवर बराच वेळ लागू शकतो. गेम सुरुवातीला शेडर कंपाइल करतोय असं दाखवत असेल तर ते स्किप करू नका, चहाला जाऊन या, पूर्ण होऊ दे.

आणि दर महिन्याला अपडेट करायची गरजच नाही. नवीन गेम घेतला, काही बिघडलं, किंवा सुरक्षेची सूचना आली तरच करा. चालू ड्रायव्हरची फाइल जपून ठेवा, नव्यात गडबड झाली तर दहा मिनिटांत परत जाता येतं. एका कंपनीच्या कार्डावरून दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर जाताना मात्र डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे टूल) सेफ मोडमध्ये चालवून जुना ड्रायव्हर मुळापासून काढा, दरवेळच्या अपडेटला ते नको. एएमडीच्या इन्स्टॉलरमध्ये फक्त ड्रायव्हर असा पर्याय असतो, ८ जीबी रॅमच्या मशीनवर मी तोच निवडतो.

प्रश्न : सहाव्या पिढीच्या आय५ वर विंडोज सिक्युरिटीमधलं मेमरी इंटेग्रिटी बंद केलं की एफपीएस वाढतात असं ऐकलं. खरं आहे? आणि बायोसमध्ये सीएसएम बंद करायला सांगतात ते काय?

उत्तर : पहिलं खरं आहे. मेमरी इंटेग्रिटी म्हणजे विंडोजच्या गाभ्यात घातक कोड घुसू नये म्हणूनचं संरक्षण. त्यासाठी लागणारी मदत इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आणि एएमडीमध्ये झेन २ या पिढीपासून हार्डवेअरमध्येच आहे, त्याआधीच्या प्रोसेसरवर ते काम सॉफ्टवेअरने करावं लागतं आणि जास्त जड पडतं. पण ते बंद करणं म्हणजे दाराची एक कडी काढणं आहे. फक्त गेमसाठीचं मशीन असेल, कुठूनही काहीही डाउनलोड करायची सवय नसेल, तर विचार करा. घरातल्या सगळ्यांचं मशीन असेल तर चालूच ठेवा, त्या काही एफपीएससाठी नको.

सीएसएम म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करायची सोय. रिसायझेबल बार हवा असेल तर ते बंद आणि अबव्ह ४जी डीकोडिंग ही बायोसमधली सेटिंग चालू लागते. पण आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा, विंडोजची डिस्क एमबीआर (विभाग नोंदवायची जुनी पद्धत, सीएसएमशिवाय बूट होत नाही) आहे की जीपीटी (नवी पद्धत). मी एकदा हे न बघता सीएसएम बंद केलं आणि मशीन बूटच होईना, आत महिनाभराचं काम होतं, रात्रभर जीव टांगणीला लागला होता, सकाळी सेटिंग परत केल्यावर सगळं जागेवर दिसलं तेव्हा कुठे श्वास घेतला. एमबीआर असेल तर विंडोज १० मधल्याच एमबीआरटूजीपीटी या टूलने डेटा न पुसता बदलता येतं, तरी बॅकअप आधी घ्याच. ज्या बोर्डात रिसायझेबल बारचा पर्यायच नाही त्यात बदललेला बायोस टाकून तो आणणारे पण आहेत, पण चुकलं तर बोर्ड मरतो, हातात दुसरं मशीन नसताना हे करू नका.

प्रश्न : मी ब्लेंडर शिकतेय. दुसऱ्या पिढीचा आय५ आहे, नवं मशीन घेणं आत्ता शक्य नाही. चांगलं कार्ड टाकलं तर या सगळ्या ड्रायव्हरच्या भानगडीत ते वाया जाईल का?

उत्तर : नाही जाणार, तुमच्यासाठी उलट चांगली बातमी आहे. गेममध्ये सेकंदाला साठ वेळा प्रोसेसरला ऑर्डर तयार कराव्या लागतात, सायकल्सच्या (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनच्या) रेंडरमध्ये तसं नसतं, सीन एकदा तयार होऊन कार्डाच्या मेमरीत गेला की मग कार्ड मिनिटन्‌मिनिटं एकटंच राबतं. त्यामुळे जुन्या आय५ वर सुद्धा फायनल रेंडरमध्ये कार्डाची जवळजवळ पूर्ण ताकद मिळते, आणि स्लॉट जुना असल्याचाही फारसा फरक पडत नाही.

जिथे प्रोसेसर आडवा येईल ते पण सांगतो. रेंडर सुरू व्हायच्या आधी सीन तयार होतो तो वेळ जास्त लागेल, मॉडिफायर आणि सिम्युलेशन हळू चालतील, आणि अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक फ्रेमला ही तयारी परत होते म्हणून रेंडर सेटिंगमध्ये पर्सिस्टंट डेटा चालू करा, न बदललेल्या गोष्टी मग मेमरीतच राहतात (थोडी जास्त मेमरी जाते). ब्लेंडरला ४.२ पासून एसएसई ४.२ (सूचनांचा एक संच) वाला चार कोअर प्रोसेसर लागतो, तुमचा डेस्कटॉपचा आय५ त्यात बसतो.

घेताना वेगापेक्षा मेमरी बघा, ८ जीबीच्या खाली जाऊ नका, आणि जमलं तर १२. आणि तुमच्या बोर्डाचा बायोस जुन्या पद्धतीचा असण्याची शक्यता आहे, काही नवी कार्डं अशा बोर्डावर स्क्रीनच देत नाहीत, म्हणून विकणाऱ्याशी परत घेण्याचं बोलून ठेवा किंवा पैसे द्यायच्या आधी तुमच्याच मशीनमध्ये लावून स्क्रीन येते का बघा. पॉवर सप्लायवर किती वॅट लिहिलंय आणि कार्डाला लागणारी पिन त्यात आहे का हे पण त्याच वेळी तपासा.